घाई नसलेला खून

आमच्या वाचनालयातल्या बाईंना सगळे मागून ‘खोडरबर’ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि त्यानं त्यांचं काही बिघडलेलं नाही. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग आमच्याकडे बरेच आहेत. त्यामुळे परत आलेलं प्रत्येक पुस्तक बाई पान न् पान चाळतात, खोडतात, फुंकर मारतात आणि मगच कपाटात ठेवतात. अठ्ठावीस वर्षं हेच. थट्टा करणाऱ्यांत मीही होते. आज मात्र त्यांच्याबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. घरातही तोच उद्योग करते, असं नवऱ्याचं म्हणणं. गेल्या वर्षी मेंदूज्वर झाला. महिनाभर दवाखान्यात होते. घरी आले, हिंडूफिरू लागले, तोंड तर पहिल्याच दिवशी सुरू झालं. पण वाचायला घेतलं की खालच्या ओळीवर येईपर्यंत वरची डोक्यातून गेलेली असायची. छापखान्याचे मालक भला माणूस. तीन महिने त्यांनी माझी जागा धरून ठेवली. चौथा लागला तेव्हा म्हणाले, “ताई, या महिनाअखेरपर्यंत बघू. मग मला दुसरं कोणीतरी घ्यावं लागेल.” त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

त्याच तिरमिरीत वाचनालयाचं सभासदत्व बंद करायला गेले. बाईंनी कार्ड हातात घेतलंच नाही. “नेमकं काय होतंय तुला?” एवढंच विचारलं. सांगता सांगता मला रडू फुटलं, तेही वर्तमानपत्र वाचत बसलेल्या चार आजोबांसमोर.

बाई उठल्या आणि आतल्या कपाटातून एक रहस्यकथा घेऊन आल्या. “ही वाच. फार सावकाश आहे.”

खरंच होती. सुरुवातीलाच एक निवृत्त पोस्टमास्तर खुर्चीत मरून पडतात आणि पुढे दीडशे पानं कोणालाच घाई नाही. तपास करणारे गृहस्थ चहा पितात, कुंड्यांना पाणी घालतात, शेजारणीच्या मांजराची चौकशी करतात. एरवी असलं पुस्तक मी भिरकावून दिलं असतं. पण मागे पडलेल्या माणसासाठी बरोबरच्यानं थांबत थांबत चालावं, तसं ते माझ्यासाठी थांबत होतं.

बाईंचा नियम एकच. पुस्तक घरी न्यायचं नाही. रोज चारला यायचं, त्यांच्या टेबलासमोर बसून एक प्रकरण वाचायचं; पण त्याआधी कालपर्यंत काय झालं ते तोंडी सांगायचं. पहिल्या आठवड्यात मी पोस्टमास्तरांच्या भाचीला मोलकरीण करून टाकलं आणि मांजराला परस्पर मारलं. बाई हसल्या नाहीत. “मांजर जिवंत आहे. मागचं पान काढ,” म्हणाल्या. एकेका प्रकरणाला मला दोन दोन तास लागायचे. बंद करायची वेळ टळून गेली, तरी त्यांनी कधी किल्ल्या वाजवल्या नाहीत. घरी त्यांचे अंथरुणाला खिळलेले भाऊ वाट बघत असायचे, हे मला फार नंतर कळलं.

तिसऱ्या आठवड्यात भाची, पुतण्या, डॉक्टर आणि मांजर आपापल्या जागी राहायला लागले. महिना संपायला चार दिवस होते आणि पुस्तकाचं एकच प्रकरण. ते सुरू करणार तोच बाईंनी पुस्तक स्वतःकडे ओढलं.

“आता सांग, खुनी कोण?”

“पुतण्या,” मी बेधडक म्हणाले.

“कशावरून?”

“दुसऱ्या प्रकरणात त्याच्या डाव्या हातात घड्याळ आहे. अकराव्यात उजव्या. मनगटावरचा ओरखडा झाकलाय त्यानं.”

बाईंनी दोन्ही पानं काढली आणि चष्मा सारखा करून पुन्हा पुन्हा वाचली. मग शेवटचं प्रकरण माझ्यापुढे ठेवलं. खुनी डॉक्टर निघाला. पुतण्या बिचारा निर्दोष, त्याच्या मनगटावर ओरखडाबिरखडा काही नव्हता. घड्याळाचा हात बदलला, ती पुस्तकात राहून गेलेली साधी चूक होती.

मी मान खाली घातली. “चुकलंच की हो माझं.”

“खुनी चुकला,” बाई म्हणाल्या. “पण नऊ प्रकरणांपूर्वीचा हात तुझ्या लक्षात राहिला. मी हे पुस्तक सात वेळा वाचलंय. मला नव्हतं दिसलं.” त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. “मालकांना सांग, सोमवारपासून येतेस म्हणून.”

त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. छापखान्याचा नंबर मात्र मी कुठेही न बघता लावला.