बोरीला वाळ्याची तट्टी
मी बोरीची कलम केलेली फांदी छाटून टाकली आणि खालून फुटलेली गावठी, काटेरी फांदी वाढवली. शेजारी राहणाऱ्या, पोस्टातल्या बाबूंनी माझ्या गावठी रोपावर उमराण या मोठ्या, गोड बोराचा डोळा, म्हणजे कलमाची कळी, भरून दिला होता, तोही स्वतःच्या लाडक्या झाडावरून काढून. पण मला वाटलं, जी जोमानं वाढते तीच आपली!

नागपूरचा उन्हाळा मनापासून आवडणारा मी एकच माणूस पाहिला, तो म्हणजे बाबू. डोक्यावर ओला दुपट्टा, खिशात कांदा, आणि ऊन चढलं की चेहऱ्यावर घरी बारसं असल्यासारखा आनंद. मी बोरीला वाळ्याची तट्टी लावलेली पाहून ते कुंपणावरून ओरडले, "काहून गा, बोर वाढवून राहिला का जावई पोसून राहिला? तापू दे तिले!"

पुढे फळं धरली तेव्हा मी बाबूंना जोडीनं बोलावलं. चांदीच्या वाटीत बोरं ठेवली, वाटाण्याएवढी. बाबूंनी एक तोंडात टाकलं. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला, कान हलले. आपला उमराण वाया गेला, हे त्यांना तिथंच कळलं असणार. तरी त्यांनी दुसरं बोर उचललं.

"झाडाची तब्येत मस्त हाये गा," ते म्हणाले.

मी फुशारलो. "वरची मरतुकडी फांदी छाटली ना, म्हणून!"

बाबूंनी तिसरं बोर घेतलं. वहिनींनी मात्र बी हातावर काढली.

"भाऊजी, तुमी नवरदेवाले घरी धाडलं अन् घोडीले बोहल्यावर चढवलं!"