चौतीस वर्षांची बोटं

सगळे तिला कवळीवाल्या बाई म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण तिथेही ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि त्यांवरून कवळ्या तयार करायच्या, हे तिचं काम. एकोणतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच खिडकीशी, एकाच उंच स्टुलावर बसून केलेलं. गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, तापल्या सुरीने मेण सारखं करायचं, जबडा मिटवून बघायचा, नाही पटला की उपटून पुन्हा पहिल्यापासून. "सगळे दात एका ओळीत उभे केले की माणूस हसताना भूत दिसतो," असं तिचं म्हणणं. म्हणून ती गिऱ्हाइकाचा तरुणपणीचा फोटो मागवून घ्यायची, आणि त्यात सुळा जरासा पुढे आलेला असला तर कवळीतही तो तेवढाच पुढे आणायची. एका म्हाताऱ्याने नवी कवळी घालून तोंड उघडलं तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अगंबाई, ह्याच थोबाडावर भाळले होते मी!" हे कवळीवाल्या बाई वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या.

थोरले मालक होते तोवर तिला कुणी वय विचारलं नाही. ते गेले, गादीवर मुलगा आला. धाकटे मालक बोलायला लोण्यासारखे मऊ. "मावशी, दमत असाल," "मावशी, आता नातवंडं खेळवायची," असं रोज काहीतरी. मावशींना नातवंड एकही नव्हतं आणि दमायला तर अजिबात वेळ नव्हता. पण एकसष्टाव्या वर्षी माणसाने दमलेलं असावं, अशी लोकांची फार इच्छा असते.

आणि नेमकी तेव्हाच तिची बोटं बधिर व्हायला लागली. जाड हातमोजे घालून दात चिमटीत धरतोय असं वाटायचं. तळपायांना मुंग्या यायच्या. तिने महिनाभर कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एक दिवस साचा हातातून निसटला आणि फरशीवर त्याचे दोन तुकडे झाले.

आता बघा गंमत. शेजारच्या टेबलावरच्या पंचविशीतल्या मुलीने त्याआधीच्या पंधरवड्यात तीन साचे फोडले होते. तेव्हा सगळे म्हणाले, घाईत होतं असं. बाईंच्या हातून एक फुटला तर सगळे माना वळवून तिच्या हातांकडे बघायला लागले. धाकटे मालक स्वतः वाकून तुकडे गोळा करायला लागले आणि हळूच म्हणाले, "मावशी, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तुमच्या काळजीपोटी म्हणतोय."

ती गेली इस्पितळात. तरुण डॉक्टर संगणकात तोंड खुपसून बसला होता.

"वय?"

"एकसष्ट."

"बरं," तो म्हणाला, आणि तिथेच तपासणी संपली. ती आपली सांगतेय, बोटांत जाणीव राहत नाही, पायांना मुंग्या येतात, रात्री झोप मोडते. ह्याची बोटं तिकडे टकटक करताहेत.

"नसा झिजतात हो, आजी. होणारच."

"पण एकदा तपासून तरी बघा. माझं हातावरचं काम आहे."

"काय तपासायचं? वयाला औषध नसतं." आपण मोठा विनोद केला असं वाटून तो हसला, आणि चिठ्ठी पाकिटात घालून पाकीट चिकटवून दिलं.

तिने ते पाकीट तसंच मालकांच्या हातात ठेवलं. चूक झाली तर ही. आठ दिवस आराम लिहिला असेल, अशी तिची भाबडी समजूत. मालकांनी तिच्यासमोरच मोठ्याने वाचलं: "वयोमानामुळे दोन्ही हातांची क्षमता कमी. नाजूक काम टाळावे."

"तीन महिने घरी राहा," मालक म्हणाले. "हात ठीक असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत की स्टूल तुमचंच. नाहीतर मग... माझाही नाइलाज आहे, मावशी."

घरी आल्यावर तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "माझा हात हातात घेतला नाही ग त्याने! मान वर करून तोंडसुद्धा बघितलं नाही!" ती लेकीला सांगत होती. लेक चौतीस वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. जिथे टायपिंग करायची ते ऑफिस सहा महिन्यांपूर्वी बंद पडलं, तेव्हापासून अर्ज पाठवत घरीच होती. दोघींचं घर आईच्या हातांवर चाललेलं.

लेक ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तक्रार तुझी आणि वय माझं, असं जाऊन बघू या का?"

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"त्याने तरी कुठे खरं लिहिलंय?"

पुढच्या आठवड्यात दोघी गेल्या. नोंद लेकीच्या इस्पितळातल्या कार्डावर. आई शेजारी सोबतीला. तो ओळखेल या भीतीने आईने मान खाली घातली होती, पण कशाला ओळखतोय! आठ दिवसांपूर्वी न बघितलेलं तोंड आज कसं ओळखणार? लेकीने पाठ केलेलं सगळं घडाघडा सांगितलं. बोटं, तळपाय, मोडणारी झोप, शब्दसुद्धा तेच.

आणि काय सांगावं! ह्या वेळी संगणकावरची बोटं थांबली. खुर्ची पुढे सरकली. त्याने लेकीचे हात हातात घेतले, टाचणीने बोटं टोचून बघितली (लेक दात आवळून 'काही कळत नाही' म्हणत राहिली), छोट्या हातोडीने गुडघे ठोकले. "या वयात बोटं बधिर होणं बरोबर नाही," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या रक्त तपासू." मग आईकडे वळून मोठ्या मायेने, "घाबरू नका हं आजी, मुलीला बरं करू आपण."

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

रक्त द्यायला अर्थातच आई गेली. सुई घेऊन बसलेली बाई साठीकडे झुकलेली, केस काळेभोर रंगवलेले, दरवर्षी नव्याने करार करून कामावर राहणारी. तिने चिठ्ठीवरचं वय वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं.

"इतकी पिकलेली चौतिशी मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने खरं ते सांगून टाकलं. बाईने उठून पडदा ओढला, परत येऊन बसली. "मला इथे चोपन्न सांगावं लागतं," ती म्हणाली. "हात पुढे करा."

अहवाल आला. बी-बारा जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. दुखणं एवढंच! इंजेक्शनं लिहून दिली, तीही लेकीच्या नावाने, आणि त्याच बाईने पडद्याआड आईच्या दंडात टोचली. आठवड्यामागून आठवडे गेले. आधी पायांच्या मुंग्या गेल्या. मग एका सकाळी तिने सुईत दोरा एका दमात ओवला, काढला, पुन्हा ओवला, आणि स्वयंपाकघरात उभी राहून लहान पोरीसारखी हसत सुटली. उशीर झाला असता तर नसा कायमच्या गेल्या असत्या, असं डॉक्टरनेच लेकीला सांगितलं होतं.

आता राहिली होती फक्त ठीक असल्याची चिठ्ठी. ती हवी होती आईच्या नावाने. ती स्वतःचं कार्ड घेऊन त्याच डॉक्टरसमोर बसली.

"कोणते उपचार घेतलेत, आजी?" त्याने संगणकात बघितलं. "इथे तर काहीच नोंद नाही."

काय सांगणार? खरं सांगावं तर लेकीचं कार्ड रद्द होणार आणि त्या सुईवाल्या बाईची नोकरी जाणार. ती दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हे बघा तरी. टोचून बघा."

"आजी, वयोमानाने गेलेली ताकद परत येत नसते," तो म्हणाला आणि जुनंच वाक्य नव्या तारखेने छापून दिलं. ह्या वेळी तिने पाकीट दारातच फाडून वाचलं.

तीन महिने भरले त्या दिवशी ती कारखान्यात गेली. कुणाला न विचारता आपल्या स्टुलावर चढून बसली, मेण तापवलं आणि समोर पडलेल्या साच्यावर दात बसवायला घेतले. तास भरायच्या आत वरची सगळी ओळ उभी. पंचविशीतली मुलगी आपलं काम टाकून बघत राहिली. धाकटे मालकही आले, कवळी उजेडात धरून फिरवून बघितली.

"हात तर मस्त चालतोय," ते म्हणाले. "चिठ्ठी?"

ती त्यांच्या मागोमाग खोलीत गेली, दार लावलं आणि लेकीच्या नावाचे सगळे कागद टेबलावर मांडले. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, फक्त सुईवाल्या बाईला वगळून. आयुष्यात कुणासमोर इतक्या अजिजीने ती बोलली नव्हती. मालकांनी शांतपणे प्रत्येक पान उलटलं.

"पण मावशी, हे तर तुमच्या मुलीचे कागद."

"रक्त माझं आहे."

"असेल. पण कागदावर तुमचे हात गेलेत आणि हिचे बरे झालेत. उद्या काही झालं तर मी कुणाला काय दाखवू?" ते पानावर बोट ठेवून थांबले. "चौतीस. सध्या काय करते ही?"

"घरीच आहे."

"मग पाठवून द्या ना! वीस-पंचवीस वर्षं काम करेल. तुम्ही महिनाभर येऊन तिला हात बसेपर्यंत शिकवा. तुमच्यासारखं शिकवणारं दुसरं कुणी नाही, हे मी सगळ्यांना सांगतो."

"हात माझे ठेवा आणि वय तिचं लिहा," ती म्हणाली. "चालेल?"

मालक मनापासून हसले. त्यांना वाटलं, मावशी थट्टा करताहेत. हसतहसतच त्यांनी कागद नीट जुळवून तिच्या हातात दिले.

लेक घराच्या दारातच उभी होती. आईला येताना बघून ती दोन पायऱ्या खाली आली.

"काय झालं? घेतलं?"

"घेतलं," आई म्हणाली. कागद तिने लेकीच्या हातात दिले आणि पायातल्या चपला काढायला खाली बसली. "सोमवारपासून तुला बोलावलंय."