दोघांची नाव

निवृत्त झाल्यापासून ह्यांनी मागच्या खोलीत कयाक बांधायला घेतली आहे. देवदाराच्या बोटभर रुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत गेलं की नाव होते म्हणे. भिंतीत खिळा ठोकायलाही सुतार बोलावणारा हा माणूस! मला शंका येणार नाही तर काय?

आज दुपारी हे पडदे ओढून, नावेच्या आत बल्ब लावून बाहेरून न्याहाळत बसले होते. "उजेड दिसला की समजायचं, तिथे फट आहे," म्हणाले. दोन ठिकाणी केसाएवढी रेघ उजळली. भुसा आणि डिंक कालवून ती ह्यांनी किती मायेनं बुजवली! मी दारात उभी. माणसंही वर्षानुवर्षं अशीच एकमेकांना चिकटून असतात, बाहेरून अगदी गुळगुळीत. पण आत दिवा लावून बघायला कोण धजतं?

नावेत बसायला जागा मात्र एकाचीच. मी विचारलंच, "दोघांची का नाही केलीत?"

"अगं, ती रुंद होते. ह्या दारातून बाहेरच निघाली नसती." बोलताना ह्यांनी मान वर केली नाही.

असेलही. पण हे पॉलिश पेपर आणायला बाजारात गेले, तशी मी टेप काढली. नावा बांधायच्या आराखड्यांचं ह्यांचं एक पुस्तक आहे, त्यात दोघांच्या नावेची रुंदी दिलेली होती. दार मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

चांगली चार बोटं जागा उरत होती.

टेप होती तिथे ठेवली आणि चहा टाकला. सवयीनं, दोघांचा.