मटणाचा पडदा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आता तीन पडदे आहेत. हसू नका. एका खिडकीला तीन, आणि तिन्ही कामाचे. कोण नवीन बाई घरी आली की आधी ती खिडकीच बघते आणि विचारते, एवढं कशाला हो? मग मी तिला बसवते, चहा टाकते आणि सगळं सांगते. तेच आज लिहून काढतेय.

पडद्यांचं वेड आमच्या घरात सुनेनं आणलं. म्हणजे मला कापडाचं कळत नव्हतं असं नाही. माझं माहेर कबनूरचं. मागाच्या खडखडाटात मी पाळण्यात झोपलेली आहे, बोटांत धरलं की कापड धुतल्यावर किती आटणार ते मी सांगते. पण कापड खिडकीला कसं लावायचं, हा विषयच आमच्यात नव्हता. स्प्रिंगची तार, दोन खिळे, जुनी साडी फाडून दोन तुकडे, झाला पडदा. साडी विरली की दुसरी साडी.

सुनेला हे पटेना. ती हुशार आहे, पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करते, आणि तिची नजर चांगली आहे हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल सासू सुनेची कागाळी करतेय. तिनं हॉलच्या मोठ्या खिडकीपासून सुरुवात केली. आतून झिरझिरीत पांढरा पडदा, त्यावर दोन्ही बाजूंना जाड मेंदी रंगाचा, आणि बाहेर गॅलरीला वेळूच्या काड्यांचा चिकाचा पडदा, दोरी ओढली की गुंडाळत वर जाणारा. आमचे हे म्हणाले, "माझ्या लग्नात मला एवढे कपडे नव्हते." पण दुपारी त्या चिकातून उन्हाच्या बारीक रेघा फरशीवर पडल्या, वाऱ्यानं पांढरा पडदा पोटुशीसारखा फुगला, आणि हे पेपर घेऊन तिथंच बसायला लागले ते उठेचनात. मीही बसले. सून म्हणाली, एकच पडदा सगळी कामं करत नाही आई, ऊन अडवायला एक, नजर अडवायला एक, आणि शोभेला एक. मला ते पटलं. पातळ, मध्यम आणि जाड एकत्र लावलं की खिडकीला खोली येते. भांड्यांच्या मांडणीसारखंच की ते, सगळी पातेली एका मापाची असली तर कसं दिसेल?

आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ती खिडकी बोळात उघडते. बोळ एवढा अरुंद की समोरच्या खिडकीतून उलथनं पुढं केलं तर मी इकडून घेते. समोरची खिडकी अक्कांची. अक्का म्हणजे आमच्या शेजारीण, माझ्याहून थोड्या मोठ्या, जैन घरातल्या. शेती आहे, म्हशी आहेत, आवाज असा की बोळात बोलल्या तर कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं मागं वळून बघावं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचा स्वयंपाक एकत्र चालतो म्हणा ना. त्यांची फोडणी आणि माझी फोडणी, मध्ये बोळ. मूल झालं ते, सासू गेली ते, कुणाचं ठरलं आणि कुणाचं मोडलं ते, सगळं त्या खिडकीतून आलं आणि गेलं. अक्कांचं संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं, म्हणून आमच्या गप्पाही दिवसाउजेडीच्या.

त्या खिडकीलाही जुन्या साडीचा पडदा होता, पण तो कायम एका बाजूला सारलेला. लावायचा फक्त बुधवारी आणि रविवारी. का, ते कोल्हापूरकराला सांगायला नको. बुधवारी आणि रविवारी आमच्यात मटण असतं. ह्यांच्या काळजात जाळी बसवली तेव्हापासून ह्यांच्या ताटात मात्र भाजीच. माझ्या सासूनं घालून दिलेली रीत होती, मटण चिरायला घेतलं की पडदा ओढायचा आणि भांडी घासून झाली की सारायचा. अक्कांनी कधी तोंडानं मागितलं नाही. मी एकदा सहज विचारलं, अक्का, पडद्यानं काय फरक पडतो हो? त्या म्हणाल्या, "काय न्हाय पडत. वास येतोयच की. पण तू आठवणीनं ओढतीस, ते बरं वाटतं."

तर श्रावण लागला आणि सुनेनं स्वयंपाकघर हातात घेतलं. शेगडीवर चिमणी बसवली, धूर आणि वास ओढून वर नेणारी. आणि खिडकीची साडी काढून तिथं राखी रंगाचा रोलरचा ब्लाइंड लावला. एक साखळी ओढली की सरळ खाली येतो, फटसुद्धा राहत नाही. दिसायला देखणा. सकाळी ती स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि ब्लाइंड खाली सोडायची, तो संध्याकाळी वर जायचा. तोवर अक्कांचं जेवण होऊन त्यांची खिडकी मिटलेली असायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं, नव्याची नवलाई. दुसऱ्या दिवशी मी थालीपीठ लावता लावता बोलायला तोंड उघडलं आणि समोर राखी रंग. तिसऱ्या दिवशी भाजीच्या गाड्यावर अक्का भेटल्या, तर त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि गवारीचं माप घेऊन गेल्या. बोलल्या नाहीत. अक्का बोलल्या नाहीत म्हणजे पंचगंगेचं पाणी उलटं वाहिलं.

मी म्हटलं, झालं, राग आला. इतक्या वर्षांची खिडकी आपण तोंडावर बंद केली, कुणाला येणार नाही राग? ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मग पडदा वर कर की. आता पुरुषांना काय सांगायचं. सुनेनं हौसेनं लावलेला, तिच्या पगाराचा, तिच्या कामासाठीचा. तिला 'वर कर' म्हणायला माझी जीभ रेटेना. आणि मैत्रीण तर जाऊ द्यायची नव्हती. या वयात नवी मैत्रीण कुठं मिळते? आणि मिळाली तरी तिला माझ्या सासूचं बोलणं कसं होतं ते कुठं माहीत असणार?

बुधवार गेला, रविवार गेला. म्हातारी माणसं रुसली की दाराशी जायचं धाडस होत नाही. मी रोज दोन भाकरी जास्त थापायची आणि पाठवायची नाही.

आणि मग एका दुपारी अक्का आल्या. कुठून आल्या म्हणाल? पुढच्या दारानं. हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या पुढच्या दारानं कधीच आलेल्या नव्हत्या, मागून बोळातूनच यायच्या, हाताला पीठ तसंच असायचं. त्या दिवशी नेसूचं बदललेलं, डोक्यावर पदर, चपला ओळीत काढलेल्या. हॉलमध्ये त्या मेंदी पडद्याशेजारी सोफ्याच्या कडेवर टेकल्या. मी पाणी दिलं, ते पाहुण्यासारखं दोन घोट पिऊन खाली ठेवलं. हे पेपर वाचत होते, ते पेपरामागं गेले. सून लॅपटॉप मिटून उठून आली.

अक्कांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि एकदम तोंड सोडलं. "वैनी, तुझी माझी इतक्या वर्षांची वळख, म्हणून बोलायला आले. भाऊंच्या काळजात जाळी बसवलीय, डाक्टरनं वशाट बंद सांगितलंय, आणि तू श्रावणात रोज मटण घालतीस त्यांना?"

ह्यांचा पेपर हळूहळू खाली आला.

मी म्हटलं, अक्का, कुठलं मटण? श्रावणात आमच्यात अंडंसुद्धा येत नाही.

"मग रोजच्याला पडदा कशापायी पाडतीस? सकाळधरनं संध्याकाळपातूर. मी पयल्या दिवशी म्हटलं पाव्हणं आलं असतील. चार दिवस झालं तरी पडदा. म्हटलं, हे काय घर हाय का खानावळ?"

मी म्हटलं, पण वास तरी आला का तुम्हाला?

त्या म्हणाल्या, "ती चिमणी बसवलीसा न्हवं? म्हटलं वास वरच्या वर पाठवत्यात."

आता सांगते, माझ्या डोक्यात हे का आलं नाही. माझ्यासाठी मटणाचा पडदा म्हणजे ती जुनी साडी. हा राखी रोलर म्हणजे सुनेचं ऑफिस. पण समोरून बघणाऱ्याला खिडकी झाकलेली दिसते, ती कशानं झाकली ते कुठं दिसतं. म्हणजे इतके दिवस मी भीत होते की अक्का रागावल्या, आणि अक्का तिकडं माझ्या नवऱ्याच्या काळजाची काळजी करत होत्या. गाड्यावर माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं ते, ही बाई नवऱ्याला मारतेय काय, अशा नजरेनं.

आधी हे हसले. मग मी हसले ती पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अक्का म्हणाल्या, दात काय काढताय, आणि मग त्यांनाही आवरेना. हे म्हणाले, "अक्का, पडदा रोज पडतोय आणि ताटात दोडकाच. माझा तरी फायदा बघायचा होता."

सून हसली नाही. ती माझ्याशेजारी येऊन बसली, आणि पडदा मटणासाठी नाही हे सांगता सांगता म्हणाली की खरं कारण वेगळंच आहे. तिच्या कामाची मीटिंग चालू होती, सगळे साहेब स्क्रीनवर, आणि बोळातून अक्कांचा आवाज आला, वैनी, माझा दोडका किडका निघाला, तुझा बघ. साहेबांनी विचारलं, दोडक्याचं काय म्हणतायत? सगळे हसले. अक्कांना वाईट वाटू नये म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही, ब्लाइंड मागवला. त्यानं आवाज थांबत नाही हे तिला माहीत होतं, पण निदान समोर कुणी दिसलं नाही तर बोलणार नाही, असा तिचा हिशोब.

मटणाचं हसण्यावारी गेलं, पण 'तुमच्या आवाजासाठी खिडकी बंद केली' हे कुणाला झेपेल? अक्का ग्लासातलं उरलेलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझा आवाज पुण्याला गेलता म्हण की."

सून म्हणाली, पुण्यालाच नाही, बेंगलोरलाही.

"आणि दोडक्याचं ऐकलं त्यांनी?"

ऐकलं.

अक्कांची छाती अशी फुगली म्हणून सांगू. नंतर त्यांनी हे अख्ख्या गल्लीला सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं. पण त्या वेळी त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं हुतंस, पोरी. मी काय लांबची हाय? काम असंल तर खूण करायची. मटणाला खूण हाय, तशी कामाला कर."

आणि तिथून ती खिडकी सजली. चहा होईपर्यंत तिघींनी स्वयंपाकघरात उभ्यानं सगळं ठरवलं. कबनूरहून माझ्या भावाच्या मागावरची पांढरी मलमल मी मागवली, दोनदा धुऊन आटवून घेतली, आणि खालच्या अर्ध्या खिडकीला पितळी दांडीवर लावली. अर्धाच पडदा, म्हणजे ओट्यावरचा पसारा झाकला जातो आणि वरून तोंडाला तोंड दिसतं. तो कायमचा. दुसरा, एका बाजूला उभा, अक्कांनी निवडलेल्या रंगाचा. दुकानात सून बिस्किटी आणि राखी दाखवत होती, अक्कांनी हळदीचा पिवळा उचलला. म्हणाल्या, खूण हाय, दिसाय नको? तो ओढला म्हणजे मीटिंग, कुणी बोलायचं नाही. आणि राखी रोलर सगळ्यात वर गुंडाळलेला, फक्त बुधवार-रविवार, श्रावण सोडून. मला भीती होती की पांढरा, पिवळा आणि राखी, नाटकातल्या सोंगासारखं दिसेल. पण सुनेनं पिवळ्याच्या कडेला राखी पट्टी शिवली, मलमलीच्या तळाला पिवळा धावदोरा घातला, आणि तिन्ही एकमेकांना ओळखायला लागले. सकाळी मलमलीतून उजेड दुधासारखा येतो. दुपारी पिवळा ओढला की अख्खं स्वयंपाकघर आमरसाच्या रंगाचं होतं, आणि पडद्याच्या फटीतून दिसतं, समोर अक्का ओठांवर बोट ठेवतात आणि गुपचूप भाजी चिरतात. त्यांना तसं गप्प बसलेलं बघणं हीच एक करमणूक आहे.

पुढं गणपती झाल्यावर अक्का म्हणाल्या, तुमच्या खिडकीला तीन-तीन आणि माझी उघडी, हे काय बरोबर नाही. सून टेप घेऊन त्यांच्याकडं गेली, मी मागोमाग. ती स्टुलावर चढली, माप घ्यायला हात वर केला आणि तशीच थांबली. त्या बाजूनं आमचं घर ती पहिल्यांदाच बघत होती. मलमलीच्या वरून आमचा ओटा, डब्यांची रांग, मी बसते तो पाट, तिचं टेबल, टेबलावरचा तिचा कप, हॉलमध्ये पाय पसरून बसलेले हे.

"आई," ती म्हणाली, "इथनं आपलं सगळंच दिसतंय की."

अक्का खाली स्टूल धरून उभ्या होत्या. "मग तुला काय वाटलं, इतकी वर्षं मी भिंत बघत हुते?"

सुनेनं टेप गुंडाळली आणि विचारलं, अक्का, मग लावू का पडदा?

"लाव की," अक्का म्हणाल्या, "पण पातळ लाव."