डोमाजीकाकाची अमेरिकन

आईची आन, एक शब्द खोटा नाही. असले तं दोन-चार असतील, ते गाडी सुधारणाऱ्या गुलाब मिस्त्रीचे. हसला तं चहा तुह्याकडून, आधीच सांगतो.

संत्र्याच्या ढिगासारखं हाय हे. एक ओढलं का बाकीचे घरंगळत येतात. काकाच्या गाडीचा एक किस्सा सांगा, अख्खं पांढुर्णा आपापला सांगते!

डोमाजीकाका संत्र्याचे दलाल. पन्नासच्या काळातली ही अमेरिकन गाडी त्यांनी नागपूरच्या एका साहेबाकडून घेतली. आता तिले तीस वर्षं झाले. धक्क्याशिवाय चालू होत नाही, अन् धक्का द्यायले आम्ही चौघं दोस्त. काका लोकांले सांगतात, "चार सिलिंडर हाय!" ते आम्हीच.

*

पोळ्याले काकाकडे बैल नव्हते. मी म्हटलं, "गाडी हाय ना!" बोनेटवर झूल टाकली, ढकलत तोरणाखाली नेली. समोरची जाळी म्हणजे चकचकीत दातच. एका म्हाताऱ्या पाटलानं ते मोजले. "वय झालं, पण दात शाबूत हाय." मंग बोनेट उघडून पाह्यलं.

"पोट बिघडलं याचं. सरकी बंद करा!"

*

काकाची पोरगी शोभा. तिचं लग्न ठरवायले सौंसरले गेलो, तं गाडी बसस्टँडवरच बंद पडली. पाणी घेऊन येतो तं आत अकरा माणसं!

"छिंदवाड्याले कधी सुटते?"

काका ओरडले, "खाजगी हाय ही!"

मागून एक बाई म्हणे, "असू दे ना बाप्पा, सरकून बसू. मले वेशीपर्यंतच सोडा, घरी पाहुणे येऊन राह्यले."

पाहुणे म्हणजे आम्ही! शोभाची होणारी सासू ती. गाडी तिले लय आवडली. काकानं तिथंच शब्द दिला, "पोरगी याच गाडीत पाठवीन."

*

लग्नाच्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे खोललेली.

"चालते का?"

"चालते. एकच गेर लागते."

"कोणता?"

"रिव्हर्स."

काकाचं तोंड उतरलं. "शब्द दिला हाय रे, नाक कटते आता."

शोभा म्हणाली, "जाऊ ना बाबा. पोचल्याशी मतलब."

पांढुर्णा ते सौंसर, पूर्ण रस्ता उलटी! मिस्त्री मान वळवून चालवून राह्यला, आम्ही डिक्कीवर बसून रस्ता सांगून राह्यलो. शोभाले समोरच्या काचेतून सासर दिसलंच नाही. पूर्ण रस्ता माहेरच दिसत राह्यलं.

दारात सासू आरती घेऊन उभी. गाडीचं तोंड पांढुर्ण्याकडे पाहून ती ओरडली.

"अगं माय! आल्याबरोबर वापस चालली का पोरी?"

शोभानं डोळे पुसले, काच खाली केली.

"वापस कशी जाऊ, आई? समोरचा गेरच लागत नाही!"

हसला ना बे? काढ चहाचे.