धुराचं जळण आणि माझं खोबरेल

गॅसला नंबर लावून आम्ही वाट बघत होतो, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदनंतरची. माझी भाची साताऱ्याहून आमच्याकडे विश्रामबागेत राहायला आली. इथल्या कॉलेजात तिचं संशोधन चालायचं. कसलं गं, विचारलं तर म्हणाली, "मावशी, काही जळलं की कर्बवायू सुटतो ना, त्याचं उन्हाच्या जोरावर परत जळण करायचं."

"म्हणजे धुराचं पुन्हा लाकूड?"

"लाकूड नाही, स्पिरिटसारखं काहीतरी. पण तसंच समज."

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "मी दुपारी घोरतो, त्यात तो वायू लय सुटतो. तोंडाला नळी लाव, चहा त्यावरच होऊ दे."

कॉलेजच्या गच्चीवर झाडांची सावली, म्हणून प्रयोग आमच्या गच्चीवर. काचेच्या बाटलीत पाणी, त्यात रंगात घालतात तसली पांढरी पूड, वरून छोट्या सिलिंडरमधला वायू आणि घट्ट रबरी बूच. पूड नुसती मदतनीस, खरं काम उन्हाचं. बाटल्या दिवसभर माझ्या कुरडयांशेजारी आडव्या पडायच्या. संध्याकाळी ती त्या बाटल्या कॉलेजातल्या यंत्राकडे न्यायची आणि कागदावर रेघ काढून आणायची. रेघेला उंचवटा आला की जळण झालं म्हणायचं. तो यायचा तांदळाच्या कणीएवढा. तिचे सर म्हणाले, महिनाअखेर यापेक्षा बरं काही दिसलं नाही तर विषय बदल. पोरीचं जेवणावरचं लक्षच उडालं.

आणि एके दिवशी ती पेढे घेऊनच आली. कागदावर अजिंक्यताऱ्याएवढा डोंगर! "उद्या सरांना दाखवते!"

मी पेढा तोंडात टाकत विचारलं, "आज बुचं बरी बसली ना गं? रोज तुझी बोटं दुखतात, म्हणून सकाळी बुचांना खोबरेल चोळून ठेवलं होतं."

तिनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "किती चोळलंस?"

"किती म्हणजे? सढळ हातानं. तू काय परक्याची आहेस?"

हे म्हणाले, "मग जळण धुराचं न्हाई, खोबऱ्याचं झालं की!"

तसंच होतं म्हणे. ती पूड उन्हात तेलाचेही तुकडे पाडते, आणि कुठला तुकडा कशाचा हे यंत्राला कळत नाही. मी म्हटलं, "मग सरांना कशाला सांगतेस? तेल त्यांना कुठं दिसतंय?"

"मला दिसतंय ना, मावशी."

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तेलकट बुचाची एक बाटली वायू न घालता उन्हात ठेवली. डोंगर तस्साच! दोन्ही कागद घेऊन ती सरांपुढे गेली. चूक स्वतःच पकडून आणली म्हणून त्यांनी आणखी पंधरा दिवस दिले. मला गच्चीबंदी झाली. कुरडयासुद्धा हाकलल्या.

पंधराव्या दिवशी कागद आला. वायूच्या बाटलीचा उंचवटा मुगाएवढा, बिनवायूच्या बाटलीची रेघ सपाट. "हा मूग खरा आहे, मावशी. सर म्हणाले, विषय राहू दे."

मला इतका आनंद झाला, की देवघरातून कुंकू आणून मी त्या मुगाला लावायला गेले. तिनं कागद छातीशी धरला आणि ओरडली, "मावशी, हात मागे!"