झेल्माची किटली

हुल्डासारखं सफाईनं डुक्कर कापणारं आमच्या थुरिंगियात दुसरं कोणी नव्हतं. खाटीक नवरा युद्धातून परतलाच नाही, तेव्हा त्याची सुरी हिनं उचलली. गाव हसलं. हसू दे मेलं! पुढच्याच हिवाळ्यात तेच गाव तिच्या दारात उभं होतं.

पन्नास सालची गोष्ट. रशियनांच्या जिवावर उड्या मारणाऱ्या आमच्या दीडदमडीच्या राज्याचं फर्मान होतं, आधी सरकारला ठरलेल्या मांसाचा भरणा, मग घरचं डुक्कर कापायचं. इकडे हुल्डाच्या लेकीला, लिस्बेटला, क्षयानं पोखरलेलं. डॉक्टर म्हणाला, चरबी खाऊ घाल, नाहीतर पोर हातची जाईल. भरणा बाकी असतानाच हुल्डानं डुकराचं तोंड पोत्यानं आवळलं, तळघरात त्याच्या डोक्यात घण घातला आणि गळा चिरला. कोणाला चाहूल लागली नाही.

पण आमच्याकडे डुक्कर कापलं की कढईतला रस्सा किटलीतून शेजारी जातो. न पाठवणाऱ्याचं तोंड आम्ही बघत नाही. हुल्डाचा हात सवयीनं चालला. पहिली किटली नेहमीसारखी शेजारच्या म्हाताऱ्या झेल्माला. आणि झेल्माचा एगोन नुकताच पोलिसात लागलेला! घरात शिरताच त्याच्या नाकात वास भरला.

दोघा पोलिसांना घेऊन तो हुल्डाकडे आला. मी शेजारीण, लिस्बेटच्या उशाशीच होते. बंदुकीच्या दस्त्यानं त्यांनी हुल्डाचे दात पाडले, उजवा हात टेबलावर दाबून बोटं ठेचली.

"रस्सा कोणाकोणाला दिलास?"

"मीच ढोसला सगळा. भस्म्या झालाय मला!"

"तुझ्या आईला दिला," एवढं म्हटलं असतं तर एगोनची वर्दी उतरली असती. पण तसं ती म्हणाली नाही.

तेवढ्यात झेल्माच किटली घेऊन दारात आली. "मी प्यायले रे एगोन, चाटूनपुसून. बांध मलाही."

सोबत्यांसमोर त्यानं आईच्या मुस्काटात मारली. म्हातारी चुलीवर आपटली, कपाळ फुटलं. हुल्डानं डाव्या हातानं घण उचलला आणि त्याचं कोपर फोडलं.

"आईवर हात टाकतोस, मुडद्या!"

त्या घणापायी तिला चार वर्षं तुरुंग झाला. मेल्यांनी घरातली चरबी शेवटच्या चमच्यापर्यंत खरवडून नेली. वसंतात लिस्बेट गेली. तिला न्हाऊ घातलं ते झेल्मानं.

हुल्डा सुटून आली तोवर ते थुरिंगिया राज्यही मोडीत काढून त्याचे जिल्हे केले होते. जळो मेलं, आमच्या लिस्बेटआधी का नाही मोडलं? हुल्डाची बोटं वाकडीच राहिली, सुरी काही धरवेना. त्या हिवाळ्यात माझ्याकडे डुक्कर कापलं, तेव्हा पहिली किटली मी तिला नेली. तिनं तोंडही लावलं नाही. वाकड्या बोटात कडी अडकवून ती तडक झेल्माकडे गेली. एगोननं त्या दिवसानंतर आईचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

"गरम आहे, मावशी," हुल्डा म्हणाली. "लगेच पी."